काळ्या मातीतून काळ्या मातीत

(मार्च २००० च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२५ मध्ये केलेले भाषण)



आत्ता सूत्रसंचालन करणाऱ्या मित्राने माझी ओळख ‘ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले इंजिनीअर’ अशी करून दिली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या परत मागत नाही, पण ओळख दुरुस्त करतो. मी इंजिनीअर नाही. मी डिझेल मेकॅनिक आहे, आपल्या बोलीत मिस्त्री. गणितात मी कसा काठावर पास झालो ते समोर बसलेल्या बाईंना चांगलं ठाऊक आहे. त्या आत्ताच हसल्या.

आयोजकांनी विषय दिला आहे ‘परदेशातील संधी’. संधी पुष्कळ असतील, मला एकच मिळाली, म्हणून तेवढ्याचबद्दल बोलतो. परदेशातल्या एका लहान गावातल्या मालकाने नोकरीचं पत्र द्यायचं, त्याच्या आधारावर सरकारने व्हिसा द्यायचा आणि आपण त्याच भागात राहून त्याच मालकाकडे काम करायचं, अशी ती व्यवस्था. ऐकायला सोपी वाटते. मलाही वाटली होती.

पण आधी डिझेलचं सांगतो. आपली शकुंतला तुम्हाला आठवते. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी नॅरोगेज गाडी. किलिक निक्सन कंपनीने ती ब्रिटिश काळात टाकली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. म्हणजे आपल्याआधी आपला कापूस परदेशी गेला, आणि त्याला व्हिसा लागला नाही! १९९४ च्या एप्रिलमध्ये त्या गाडीचं वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं. आपण तेव्हा चौथीची परीक्षा देत होतो. मी स्टेशनवर जाऊन ते नवं इंजिन पाहत उभा राहिलो आणि घरी आल्यावर बाबांचा मार खाल्ला. पुढे आयटीआयला कोणता ट्रेड घ्यायचा, हा प्रश्न मला पडलाच नाही.

आयटीआय झाल्यावर अकोल्याला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढली. २०१२ साली एका मोठ्या शहरातल्या एजंटाने ‘ऑस्ट्रेलियाची नोकरी’ म्हणून मला एक कागद दिला आणि दोन लाख घेतले. त्या कागदावर कामाचं नाव होतं ‘जनरल वर्कर’, पगाराचा आकडा गोल, मालकाचा पत्ता अर्धवट. ती नोकरी कुठेच नव्हती. पैशांसाठी बाबांनी दोन एकर गहाण टाकलं होतं. नंतर मी मस्कतला गेलो. एक्स्कॅव्हेटर आणि क्रेनच्या हायड्रॉलिक्सचं काम. ते दोन एकर सोडवायला मला चार वर्षं लागली. हे तुमच्यापैकी दोघा-तिघांना माहीत आहे, बाकीच्यांना मी ‘कंपनीने पाठवलं’ असंच सांगत आलो.

मस्कतमध्ये माझ्याबरोबर एक फिलिपिनो वेल्डर होता. तो ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यातल्या नॅराब्राय नावाच्या गावी गेला. तिथल्या शेती-यंत्रांच्या वर्कशॉपला हायड्रॉलिक्स कळणारा माणूस मिळत नव्हता. त्याने माझं नाव सुचवलं. मालकाने व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. मुलाखत म्हणजे काय, त्याने एका चालू पंपाशेजारी फोन धरला आणि विचारलं, ‘याला काय झालंय?’ मी आवाज ऐकून सांगितलं की पंप हवा ओढतोय, सक्शनची बाजू तपासा. पुढच्या आठवड्यात ऑफर लेटर आलं.

खरं काम इथून सुरू झालं. या व्हिसाला तिथे ‘सबक्लास ४९४’ म्हणतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो सुरू झाला. त्याआधी १८७ क्रमांकाची योजना होती, तिच्यात थेट कायमचा वास्तव्य-परवाना मिळत असे. ४९४ पाच वर्षांचा, तात्पुरता. किमान तीन वर्षं तो व्हिसा धरून नेमलेल्या प्रादेशिक भागातच राहायचं आणि काम करायचं, मग १९१ क्रमांकाच्या कायम परवान्यासाठी अर्ज. प्रादेशिक भाग म्हणजे सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडून जवळपास सगळा देश. पर्थसारखं मोठं शहरसुद्धा त्यात मोडतं. मी गेलो ते नॅराब्राय मात्र खरंच लहान आहे. वस्ती पाच-सहा हजार. आपलं कारंजं साठ हजारांच्या वर. म्हणजे तुमचा मित्र परदेशात गेला तो कारंज्याहून दहापट लहान गावात!

मालकालाही पुष्कळ करावं लागतं. आधी त्याने स्वतः स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यायची. जागेची जाहिरात देऊन स्थानिक माणूस मिळत नाही हे दाखवायचं. जागा पूर्णवेळ आणि पुढची पाच वर्षं टिकेल अशी असली पाहिजे. त्या भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेचा अभिप्राय घ्यायचा आणि सरकारकडे प्रशिक्षण-निधीची रक्कम भरायची. लहान धंद्याला ती तीन हजार डॉलर असते, मोठ्याला पाच हजार, आणि कामगाराकडून ती वसूल करता येत नाही. आपल्याकडून लागतं ते असं: वय ४५ च्या आत, त्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, कौशल्याची तपासणी आणि इंग्रजी.

कौशल्याच्या तपासणीत मी एका झटक्यात पास झालो. इंग्रजीने मात्र रडवलं. आयएल्ट्समध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत सहा गुण हवेत. लिहिण्यात मला दोनदा साडेपाच पडले. त्या परीक्षेत एक पत्र लिहायचं असतं. तिसऱ्या वेळी मला आपल्या इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर आखलेली पत्राची चौकट आठवली. वर पत्ता, खाली तारीख, विषय एका ओळीत, पहिल्या परिच्छेदात कारण, दुसऱ्यात मागणी. सर म्हणायचे, ‘पाल्हाळ लावू नका, वाचणाऱ्याला कामं असतात.’ तिसऱ्या वेळी बरोबर सहा मिळाले. सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. हे तुम्हाला समोरासमोर सांगायचं होतं.

मध्ये करोना आला. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. व्हिसा हातात येऊनही जाता येईना. कुशल कामगारांसाठी दार उघडलं ते १५ डिसेंबर २०२१ ला. जानेवारी २०२२ मध्ये मी, बायको आणि मुलगी असे तिघे नॅराब्रायला उतरलो. सिडनीपासून पाचशे किलोमीटरच्या वर आत. निघताना बाबा एवढंच म्हणाले होते, ‘कायले जातं एवढ्या दूर? पऱ्हाटी तं इथंबी हाये.’

बाबांचं म्हणणं किती खरं होतं ते गेल्यावर कळलं. नॅराब्राय आणि शेजारचं वी वॉ हा ऑस्ट्रेलियाचा कापसाचा पट्टा. नामोई नदीचं खोरं. आणि माती? काळी. आपल्यासारखीच, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पाऊस पडला की बुटाला किलोकिलोने चिकटणारी. पहिल्या पावसात वर्कशॉपच्या दारात बूट खरवडताना मला हसू आलं. शेजारचा गोरा पोरगा मला समजावू लागला की ही ‘ब्लॅक सॉइल’, जपून चाल. म्हटलं, बाबा, माझा जन्मच हिच्यात झाला आहे.

माती एक, बाकी सगळं वेगळं. तिथे पेरणी सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आणि वेचणी मार्च ते जून. धरणाचं पाणी असलं तर हेक्टरी दोन हजार किलोच्या वर रुई निघते, आपल्या देशाची सरासरी साडेचारशेच्या आसपास. आणि पाणी नसलं तर काहीच नाही. २०१९-२० च्या दुष्काळी हंगामात तिथलं कापसाचं पीक कित्येक दशकांतलं सर्वांत कमी होतं. अशा वेळी शेतकरी आत्महत्येच्या काठावर जातो का, असं मला इथे बरेच जण विचारतात. तिथलाही शेतकरी खचतो. पण त्याचं वावर हजारो एकरांचं, विमा आणि बँक दोन्ही त्याच्या ओळखीची. आपल्या तीन एकरांच्या कास्तकाराशी त्याची तुलना मी करत नाही.

वेचणीचं यंत्र मात्र पाहण्यासारखं. एका फेरीत सहा तासांचा कापूस वेचतं, आतच त्याचा गोल गठ्ठा बांधतं, वर पिवळं नाहीतर गुलाबी प्लास्टिक गुंडाळतं आणि मागे टाकून देतं. एक गठ्ठा दोन टनांच्या वर, म्हणजे वीस-बावीस क्विंटल. चालवायला एक माणूस. ते बंद पडलं की मला फोन येतो, रात्री दोनलासुद्धा, कारण पाऊस यायच्या आत वेचणी उरकायची असते. पहिल्या हंगामात मी त्याचा व्हिडिओ घरी पाठवला. माझ्या मायनं सारी जिंदगी किलोच्या हिशेबानं कापूस वेचला. बोंडाच्या काटक्यांनी तिची बोटं कायम फाटलेली असत. तिने व्हिडिओ दोनदा पाहिला. मला वाटलं, पोराचं कौतुक करेल. ती म्हणाली, ‘अन् मंग तिकडच्या बाया काय करतात?’

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही देता येत नाही. ते यंत्र कधी तरी आपल्या धुऱ्यापर्यंत येईल तेव्हा कुणीतरी हा प्रश्न विचारायला हवा.

आता जे सांगायला मी उभा आहे ते सांगतो. २०२३ च्या पोळ्याला आपल्या ग्रुपवर सगळ्यांनी सजवलेल्या बैलांचे फोटो टाकले होते. मी त्या यंत्राशेजारी उभा राहिलेला माझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘हा आमचा बैल’. साठ-सत्तर अंगठे आले. ‘भाऊ सेट झाला’, ‘कारंज्याची शान’, असं बरंच काही. त्या दिवशी माझा बेकारीचा बासष्टावा दिवस होता.

झालं असं की जुलैमध्ये माझ्या मालकाने धंदा विकला. माणूस वाईट नव्हता, थकला होता. नवा मालक मला ठेवायला तयार होता. पण माझा व्हिसा वर्कशॉपला नव्हे तर जुन्या मालकाच्या कंपनीला बांधलेला. नव्या कंपनीने पुन्हा स्पॉन्सर व्हायचं, पुन्हा माझं नॉमिनेशन करायचं, आणि ते मंजूर होईपर्यंत मी तिथल्या एका बोल्टलाही पाना लावायचा नाही. दुसरीकडेही काम करायचं नाही. तेव्हा नियम नव्वद दिवसांचा होता. नव्वद दिवसांच्या वर कामाविना राहिलो तर अट मोडली, व्हिसा रद्द होऊ शकतो, तिघांनी परत. मुलगी तिथल्या शाळेत रमली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडत बसायचो. ते कॅलेंडर इथूनच नेलेलं होतं, त्यावर एकादशी-चतुर्थी छापलेल्या, आणि मी मोजत होतो भलतंच.

त्या दिवसांत घर कुणी चालवलं? माझ्या बायकोने. ती इथली बी.ए. पास. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोवर एका मालकाचं बंधन नसतं, त्या भागात ती कुठेही काम करू शकते. तिने गावातल्या मोटेलमध्ये खोल्या साफ करायचं काम धरलं. सकाळी सहाला जायची. चादरी बदलायच्या, संडास धुवायचे. घरी, माहेरी, सासरी, आम्ही कुणालाही सांगितलं नाही. पोळ्याचा तो फोटोसुद्धा तिनेच काढला, कामावरून परत येताना. एका शेतकऱ्याच्या आवारात यंत्र उभं होतं, मी म्हटलं, काढ एक. ‘कशाला?’ म्हणाली. ‘ग्रुपवर टाकतो’ म्हटलं. ती काही बोलली नाही. आज ती या सभागृहात बायकांच्या बाजूला बसली आहे. हे जाहीर सांगण्याची परवानगी मी काल रात्री तिच्याकडून घेतली.

एक्याऐंशीव्या दिवशी मंजुरी आली. आता तो नियम सैल झाला आहे. १ जुलै २०२४ पासून मालक सुटला तर एका वेळी १८० दिवस मिळतात आणि त्या काळात दुसरीकडे कामही करता येतं. चांगलं झालं. माझ्या वेळी असतं तर पाच-सहा किलो वजन तरी वाचलं असतं.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. त्याच वर्षी दिवाळीनंतर आपल्यातल्याच एका मित्राचा फोन आला. त्याचा मुलगा आयटीआय झालेला. तो म्हणाला, ‘तुह्या मालकाले इचार, पंधरा लाखांत लेटर देते काय पोराले?’ मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ‘वर चढला अन् शिडी ओढून घेतली तू.’ फोन ठेवला. दोन वर्षं आम्ही बोललेलो नाही. त्याचं नाव मी घेणार नाही, पण त्या दिवशी मी नीट समजावलं नाही, तेवढं आज सगळ्यांसमोर समजावतो.

ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिप विकणं हा गुन्हा आहे. मालकाने पैसे मागणं, घेणं हा गुन्हा, आणि देऊ करणाऱ्यावरही कायद्याने दंडाची कारवाई होते, व्हिसाही जाऊ शकतो. म्हणजे मी तो निरोप माझ्या मालकाला नुसता पोचवला असता तरी पोराचं, मालकाचं आणि माझं, तिघांचंही वाटोळं झालं असतं. आणि गड्या, पंधरा लाख तू कुठून आणणार होतास ते मला माहीत आहे. तुझं वावर आमच्या वावराला लागून आहे. आमचे दोन एकर गहाण पडलेले तू पाहिले नव्हतेस, कारण मी कुणाला कळू दिलं नाही. ती चूक माझी.

पैसे लागतातच, नाही असं नाही. व्हिसाची सरकारी फी माणशी चार हजार डॉलरच्या वर जाते, मुलांची कमी. कौशल्य-तपासणी, आयएल्ट्स, वैद्यकीय तपासणी, तिकिटं, हे सगळं आपलं. पण ते पैसे सरकारला आणि संस्थांना, पावतीवर जातात. ‘लेटरचे इतके’ असं कुणी म्हटलं की तिथून उठायचं. इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याचं नाव तिथल्या सरकारी नोंदवहीत असतं, इंटरनेटवर दोन मिनिटांत दिसतं. आपल्याकडे परदेशी नोकरीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना लागतो आणि कामगाराकडून तो तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. माझ्या दोन लाखवाल्याकडे परवाना नव्हता. मी विचारलंच नव्हतं. विचारलं तर तो रागावेल असं वाटलं होतं!

आणि पत्र वाचताना कामाचं नेमकं नाव पाहा. डिझेल मेकॅनिक, वेल्डर, फिटर, जे असेल ते. पगार पाहा. मी गेलो तेव्हा अशा व्हिसावर वर्षाला ५३,९०० डॉलरपेक्षा कमी पगार देता येत नव्हता. जुलै २०२५ मध्ये तो आकडा ७६,५१५ झाला, आणि त्याच कामाला स्थानिक माणसाला जास्त मिळत असेल तर आपल्यालाही तेवढाच द्यावा लागतो. गाव नकाशावर शोधा, दवाखाना किती दूर ते पाहा. आमच्याकडून टॅमवर्थचं मोठं हॉस्पिटल पावणेदोनशे किलोमीटर आहे. बायकोला विचारा. तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या माणसाशी बोला, आणि त्याने फोटो पाठवला तर पुन्हा फोन करून विचारा, ‘बाप्पा, खरं काय चाललंय?’

जर्मनीबद्दलही काही जणांनी सकाळी विचारलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने बाडेन-वुर्टेनबर्ग या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात सगळं अडतं जर्मन भाषेपाशी. ज्यांची मुलं आता आयटीआयला आहेत त्यांनी भाषा आजच सुरू करावी. माझा तिथला अनुभव नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

आमचा कायम परवाना याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. आता मी देशात कुठेही राहू शकतो, सिडनीलासुद्धा. पण आम्ही नॅराब्रायलाच आहोत. मुलीची शाळा आहे, वर्कशॉप आहे. बायकोने मोटेल सोडून वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम धरलं आहे. तिथल्या एका आजोबांना तिच्या हातची फोडणीची खिचडी लागते. आपल्या गावाचं नावच ‘लाड’ मंडळींवरून पडलेलं, बघेरवाल राजस्थानातून आलेले. लोक येऊन राहिले, तेच गावाचे झाले. मी नॅराब्रायचा झालो का? वर्कशॉपमध्ये झालो. कापसाला भाव किती मिळाला हे मात्र रोज सकाळी मी कारंज्याच्या बाजार समितीचं पाहतो, तिथलं नाही.

मार्चमध्ये वेचणी सुरू होते, त्याआधी सगळी यंत्रं उघडून बसवायची असतात, म्हणून रविवारी निघावं लागेल. उद्या आणि परवा सकाळी दहा ते एक मी शाळेत दहावी ‘ब’च्या वर्गात बसणार आहे, मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. ज्याच्या मुलाकडे, पुतण्याकडे कुठल्याही देशाचं ऑफर लेटर असेल त्याने ते घेऊन यावं, आपण दोघे मिळून ओळ न् ओळ मराठीत वाचू. आणि ज्या मित्राशी दोन वर्षं बोललो नाही त्याने पोराला घेऊन आधी यावं. त्या पोराची आयटीआयची मार्कशीट आणि अनुभवाचे दाखले मला पाहायचे आहेत. वेल्डर हवा आहे, जाहिरात नव्या मालकाने गेल्या महिन्यातच दिली आहे, पैसे लागत नाहीत, तीन वर्षांचा अनुभव लागतो. तो कमी पडत असेल तर कुठे भरून काढायचा तेही बोलू.

जेवण तयार आहे असा निरोप आला आहे.